एक हाक आणि अनेक कान



गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आमच्या परिचयाचे एक शेतकरी गृहस्थ हातात कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आले. पिशवीतून त्यांनी एक चाक निखळलेली, हाताच्या पंजाएवढी गाडी काढून आमच्या टेबलावर ठेवली आणि खिन्न स्वरात म्हणाले, "फादर, भाताचे पैसे हाती आले, त्यांतून पोराला तीन यंत्रगाड्यांचे सामान घेऊन दिले. पहिल्या दिवशी एका गाडीला हुकूम दिला, तर तिन्ही धावल्या. दुसऱ्या दिवशी ही एक ओट्यावरून अंगणात कोसळली. पैसे पाण्यात गेले. आता तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा."

दोन शब्द सांगण्यापूर्वी प्रकरण डोळ्यांनी पाहावे, म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. मुलगा पदविकेच्या वर्गात शिकतो. त्याचा विचार असा की, एका संगणकासमोर बसून तीन यंत्रमानव बिनतारी हुकमांनी चालवावे. यंत्रमानव म्हटले म्हणून वाचकांनी हातपाय असलेला लोखंडी माणूस डोळ्यांपुढे आणू नये. दोन मोटरी, दोन चाके, बॅटरी, नखाएवढा हिशेबी मेंदू आणि बिनतारी संदेश घेणारी एक पट्टी, एवढाच त्याचा संसार. घरोघरचे हौशी तरुण आज असेच यंत्रमानव बनवितात.

दुरून यंत्र हाकण्याची कल्पना नवी नव्हे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेवाचून चालणारी एक लहान नौका लोकांना दाखविली होती. तेथे नौका एक आणि हुकूम देणारा एक. त्यामुळे कोणाचा हुकूम कोणास, हा प्रश्नच नव्हता. यंत्रे अनेक झाली की तो उभा राहतो, आणि आमच्या या मुलाची पहिली फजिती येथेच झाली.

गावात दवंडी पिटली म्हणजे ती सर्वांच्या कानी पडते. टपाल मात्र ज्याच्या नावाचे त्याच्याच दारी जाते. बिनतारी लहरी स्वभावतः दवंडीसारख्या आहेत. त्या चोहोंकडे पसरतात, आणि त्याच लहरीवर कान लावून बसलेले प्रत्येक यंत्र त्या ऐकते. दवंडीचे टपाल करावयाचे, तर प्रत्येक संदेशाच्या आरंभी पत्ता घालावा लागतो, आणि पत्ता आपला नसेल तर संदेश सोडून द्यावा, हे प्रत्येक गाडीस शिकवावे लागते. मुलाने तिन्ही गाड्यांत एकच पत्ता भरला होता. मग त्या एकदम धावल्या, यात त्यांचा काय दोष?

त्याने जी पट्टी वापरली ती नॉर्डिक सेमिकंडक्टर या नॉर्वेतील कंपनीच्या एनआरएफ२४एल०१ या चकतीवर चालते. हौशी मंडळींत ती फार प्रचलित आहे. ती एका वेळी जास्तीत जास्त ३२ बाइटांचा, म्हणजे साधारण एका लहान वाक्याएवढा, संदेश नेते. प्रत्येक संदेशाबरोबर ती ताळ्याचा अंक पाठविते. शाळेत बेरजेचा ताळा पाहतो तसा घेणारी पट्टी तो पाहते, आणि ताळा जुळला नाही तर संदेश फेकून देते. संदेश नीट मिळाल्यास ती पोच देते. पोच आली नाही, तर धाडणारी पट्टी तोच संदेश १५ वेळांपर्यंत पुन्हा धाडू शकते. घेणारी म्हणून ठेवलेली एक पट्टी एका वेळी ६ पत्त्यांवरील टपाल ऐकते. ज्या गाड्यांत ब्लूटूथ असते, तेथे जुन्या पद्धतीच्या जोडणीत एका मुख्य यंत्रास एका वेळी ७ यंत्रांशीच बोलणे चालू ठेवता येते. वाय-फाय घेतल्यास घरातील वाय-फायचे यंत्रच प्रत्येक गाडीस निराळा पत्ता वाटून देते.

पत्ता झाला, तरी पाळी राहतेच. पंगतीत सर्वांनी एकदम वाढप्यास हाक मारली, तर त्याला एकाचेही ऐकू येत नाही. दोन गाड्या एकाच क्षणी एकाच लहरीवर बोलल्या, तर दोघींचेही बोलणे बिघडते. म्हणून शहाणा कारागीर असा नियम करतो की, संगणकाने एकेकीचे नाव घेऊन विचारावे आणि जिचे नाव घेतले तिनेच उत्तर द्यावे.

या पाळीलाही वेळ लागतो. एका गाडीस हुकूम देऊन पोच घेण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो असे धरू. गाड्या १० असल्या, तर प्रत्येकीची पाळी सेकंदाच्या पाचव्या भागाने येईल. गाडी सेकंदाला ३० सेंटिमीटर धावत असेल, तर दोन हुकमांच्या मधल्या काळात ती ६ सेंटिमीटर पुढे गेलेली असेल. गाड्या ५० झाल्या, तर पाळी पूर्ण एका सेकंदाने येईल आणि गाडी ३० सेंटिमीटर गेलेली असेल. तेवढ्यात ती भिंतीवर आदळेल किंवा ओट्याची कड ओलांडेल. संगणक कितीही चपळ असला, तरी वाट एकच आहे, आणि त्या वाटेने एका वेळी एकच निरोप जातो.

आता ओट्यावरून पडलेल्या गाडीकडे वळू. पत्ते निराळे करून मुलाने गाडीस "पुढे" असा हुकूम दिला. तेवढ्यात, बराच वेळ कोणी बटण दाबले नाही की वीज वाचविण्यासाठी संगणक झोपी जातो, तसा तो झोपी गेला. "थांब" हा हुकूम निघालाच नाही. गाडीने शेवटचे ऐकलेले वचन प्रमाण मानले आणि ती पुढे, पुढे, थेट अंगणात गेली. तिने आज्ञाभंग केला नव्हता. आज्ञा येईनाशी झाली तर काय करावे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

हे प्रत्येक यंत्रास प्रथम सांगावे लागते. बिनतारी संदेश केव्हा तुटेल याचा नेम नसतो. हौशी यंत्रे बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. तेथे मर्यादित शक्तीच्या यंत्रांस वेगळा परवाना लागत नाही, म्हणून त्याच पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह चूल यांचीही गर्दी असते. म्हणून प्रत्येक गाडीत स्वतःचे घड्याळ ठेवावे. योग्य संदेश आला की ते शून्यावर यावे. अर्धा सेकंद कोणताच संदेश आला नाही, तर गाडीने आपण होऊन मोटर बंद करावी. संगणकानेही काही सांगावयाचे नसले, तरी सेकंदातून पाच-दहा वेळा "मी आहे" एवढे कळवीत राहावे. उडणाऱ्या यंत्रास मात्र हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. आकाशात मोटर बंद करणे म्हणजे कोसळणे. त्यास सावकाश खाली उतरावयास शिकवावे लागते.

जगातील थोर प्रयोगशाळांतूनही हाच धडा गिरविला गेला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रुबेनस्टाइन, आलेहांद्रो कोर्नेहो आणि राधिका नागपाल यांनी १०२४ चिमुकल्या यंत्रमानवांचा थवा तयार करून २०१४ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांस किलोबॉट म्हणतात. एकेकाची रुंदी अवघी ३३ मिलिमीटर, पाय तीन ताठ काड्यांचे, आणि चाल दोन थरथरणाऱ्या मोटरींची. वरून अदृश्य तांबड्या प्रकाशाने दवंडी पिटावी तशी सर्वांस एकच सूचना एकदम दिली जाते. पण त्यानंतर संगणक एकेकाचा हात धरीत नाही. जो तो आपल्या जवळच्या शेजाऱ्यांशी बोलतो, अंतर मोजतो आणि आपली जागा गाठतो. अशा रीतीने सुमारे १२ तासांत त्यांनी ताऱ्यासारखा आकार उभा केला.

कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ४९ लहान उडती यंत्रे एकत्र उडविल्याचे प्रसिद्ध केले. तेथेही प्रत्येकाच्या पोचेची वाट पाहात बसणे त्यांनी टाळले. संगणकाकडून थोडक्यात निरोप जाई. तोल सांभाळणे आणि वाट आखणे यांचा बहुतेक हिशेब प्रत्येक यंत्र आपल्या अंगीच करी.

एकाने अनेकांस चालवावयाचे असेल, तर प्रत्येकाचे प्रत्येक पाऊल त्या एकाने सांगावे, हे चालत नाही. जितकी यंत्रे अधिक, तितके सांगणे कमी आणि प्रत्येकाच्या पदरी घातलेले शहाणपण अधिक असावे लागते. जो केवळ हुकूम ऐकतो, तो हुकूम तुटताच ओट्यावरून पडतो.

हे सारे आम्ही त्या गृहस्थांस समजावून सांगितले. चूक मुलाची होतीच. पण ती आळसाची नव्हती, ती पहिल्या पायरीवरची होती. आम्ही त्यांस एवढेच म्हटले, "पैसे पाण्यात गेले की नाही, हे पुढच्या रविवारी ठरवू या."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. गाडीस नवे चाक लागले होते. मुलाने तिन्ही गाड्या ओट्यावर सोडल्या, एकेकीस नावाने हाक मारली, आणि ज्या गाडीस हाक मारली तीच हलली. मग तिघींना एकदम पुढे जाण्याचा हुकूम देऊन त्याने संगणकास जोडलेली बिनतारी पट्टी उपटून हातात घेतली. वडील धडपडत कडेला जाऊन हात पसरून उभे राहिले. गाड्या एक वीत पुढे गेल्या आणि कडेच्या बऱ्याच अलीकडे तिन्ही थांबल्या. वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "चौथी करायला काय लागेल रे?"

ज्या घरी असा छंद आहे, तेथील आईबापांस आमच्या चार सूचना. प्रथम एकच गाडी करू द्यावी, आणि ती संदेश तुटल्यावर आपोआप थांबते असे दिसल्याखेरीज दुसरीचे सामान आणू नये. वर सांगितलेली पट्टी ३.३ व्होल्टवर चालते. तिला ५ व्होल्टची वीज थेट दिल्यास ती जळते. मोटरींच्या ओढीने वीज कमीजास्त होते व संदेश बिघडतात, म्हणून शक्य तर मोटरींस वेगळी बॅटरी द्यावी. आणि पहिला प्रयोग ओट्यावर नव्हे, जमिनीवर करावा.