आजार लपवून नांदता येत नाही

सातारा-सांगलीच्या गावांतून काम करताना एक वाक्य मला पुनःपुन्हा ऐकायला मिळते : "ताई, पोरीला वात आहे, पण कुठं बोलू नका." पोरगी असते अठरा-वीस, फार तर पंचवीस वर्षांची. सकाळी उठल्यावर तिची बोटे आखडलेली असतात. वेणी घालता येत नाही, धार काढता येत नाही, भाकरी थापताना मनगटातून कळ जाते. घरच्यांना दुखण्यापेक्षा जास्त धास्ती असते ती दुखणे बाहेर कळण्याची. कारण लग्न व्हायचे असते.

या लपवालपवीवर आपण उघडपणे बोलायला हवे. हा आजार लपवण्यानेच वाढतो.

वात म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, ही समजूत आधी बाजूला ठेवू. वयाने गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा. इथे शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वैद्य याला आमवात म्हणतात, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. तो ऐन तारुण्यातही येतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पटीने जास्त दिसतो. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांनाही सांध्यांचा असा दीर्घ आजार होतो. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे दोन हजार मोठ्या माणसांच्या गावात दहाजण. त्यात बायका जास्त. आपल्या गावातल्या या बायका आपल्याला माहीत आहेत का?

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. दोन्ही हातांचे लहान सांधे किंवा पायाच्या चवड्याचे सांधे सुजतात. सकाळचा ताठरपणा अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त टिकतो. थकवा येतो, बारीक ताप येतो. हे सहा आठवडे चालले तर 'कामाने होतंय' म्हणून सोडून देऊ नये. रक्ताची तपासणी करतात, पण ती निर्दोष आली म्हणजे आजार नाही, असेही नाही. पहिल्या काही महिन्यांतच नेमके औषध सुरू झाले तर सांधे वाचवता येतात. एकदा वाकडी झालेली बोटे गोळीने सरळ होत नाहीत.

पण हेच महिने आपल्याकडे कशात जातात? लेप, तेल, अंगारा, आणि कुणीतरी सांगितलेली 'वाताची पुडी'. त्या पुडीने दोन दिवसांत पोरगी पळायला लागते. अशा पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. मग तोंड सुजते, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि आत सांधा झिजतच राहतो.

खरे औषध मिळते. मेथोट्रेक्सेट ही गोळी अनेक वर्षांपासून वापरात आहे आणि नव्या इंजेक्शनांच्या मानाने स्वस्त आहे. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. सोबत फॉलिक अॅसिड आणि ठरावीक मुदतीने रक्ताची व यकृताची तपासणी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते, गर्भपात होऊ शकतो. मूल हवे असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण तीन महिने आधी ती थांबवून गरोदरपणात चालणारी दुसरी औषधे घेता येतात. आजार आटोक्यात असेल तर बहुतेकींना मूल होऊ शकते.

आता आजार लपवून लग्न झालेल्या मुलीचा विचार करा. गोळ्या सासरी कुठे ठेवायच्या? तपासणीला काय सांगून जायचे? ती एक तर औषध सोडते, आणि वर्षभरात तिचे हात निकामी होऊ लागतात. किंवा चोरून घेते, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत पाळणा हलावा म्हणून घाई करणाऱ्या घरात 'आता नको' म्हणायला तिच्याकडे कारण उरत नाही. बाळंतपणानंतर हा आजार अनेकदा उसळतो. नेमके तेव्हाच तान्हे मूल उचलायचे असते, आणि तेव्हाच 'रोगी पोरगी आमच्या गळ्यात मारली' म्हणून तिला माहेरी आणून सोडतात.

याच भागात १९८०च्या दशकात इंदुताई पाटणकरांच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न ऐरणीवर आणला. आजारपणामुळे टाकलेली बाई ही परित्यक्ताच आहे. संधिवात हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. कुष्ठरोग होता, तोही २०१९ साली वगळला गेला. पोटगीचा हक्क आहे. पूर्वीचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वैद्यकीय खर्चही मागता येतो. मात्र आजार लपवलेला असला की 'आम्हाला फसवले' असा दावा करायला सासरला वाव मिळतो.

आया विचारतात, "सांगितलं तर हिला करून कोण घेणार?" प्रश्न खरा आहे. त्या माउलीला दोष देऊन उपयोग नाही; तिच्यावरही चारी बाजूंनी दबाव असतो. पण उत्तर लपवण्यात नाही. आधी आजार आटोक्यात आणा, मुलीला शिकू द्या, कमावू द्या. लग्न ठरण्यापूर्वी तिने स्वतः सांगावे, आणि मुलाला सोबत घेऊन डॉक्टरांना भेटावे. ऐकून जो पाठ फिरवतो तो लग्नानंतरही फिरवलीच असती. आणि लग्न केले नाही म्हणून तिचे आयुष्य वाया गेले, असे आपण तरी म्हणणार नाही.

सरकारलाही विचारायला हवे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत या आजाराचे नाव नाही. सांधे कायमचे निकामी होऊन अस्थिव्यंग चाळीस टक्के भरले, तर बहुतेक सवलतींचा दरवाजा उघडतो. म्हणजे उपचार वाया गेल्यावर मदत! महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या गोळ्या-तपासण्यांचा भार घरावरच राहतो, आणि घरात तो सुनेसाठी शेवटी उचलला जातो. ही औषधे आणि तपासण्या ग्रामीण रुग्णालयांत नियमित मिळाव्यात, ही आपली मागणी असली पाहिजे.

स्त्रियांचे आरोग्य म्हणजे केवळ गर्भाशय नव्हे. बाईचे हातही तिच्या आरोग्यात येतात. तिचे पोट त्या हातांवर असते. पुढच्या शिबिरात, बचत गटाच्या बैठकीत एवढेच विचारून पाहा : सकाळी कुणाची बोटे आखडतात? ज्या हात वर करतील, त्यांच्याबरोबर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आपल्यापैकी एकीने जावे. आणि अजून मुठी वळता येतात तोवर जावे.