डिसेंबरातला फोटो, भाद्रपदातली नाचणी

शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारांवर पावसाळाभर ढग बसून असतात. त्यामुळे आकाशातून टिपलेली निवळ छायाचित्रे मिळतात ती बहुधा दिवाळीनंतरची. तोवर वरकस जमिनीवरची नाचणी-वरी कापून खळ्यावर गेलेली असते. मागे उरते पिवळे गवत. त्यातून वरकसाची रीतच अशी, की दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि पुढे काही वर्षे जमीन विसाव्याला टाकायची. ज्या संगणकाला असल्या चित्रांवर ‘शेत’ ओळखायला शिकवले, त्याला इथे पडीक रानच दिसणार. राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, खांडलेला ऐन त्याला जंगलतोड वाटला, तर त्याला तरी काय दोष द्यावा? तो रंग, पोत, सावली नि कडा पाहतो. त्याने कधी राब भाजलेला नाही.

दोष आहे तो त्याचे उत्तर निकाल म्हणून वाचणाऱ्यांचा. वनहक्क कायद्याने वहिवाटीसाठी तारीख धरली १३ डिसेंबर २००५, म्हणजे नेमकी शेते मोकळी झाल्यानंतरची! त्या सुमाराच्या चित्रात पीक दिसत नाही म्हणून ठाकूर, कातकरी, महादेव कोळी कुटुंबाचा दावा फेटाळणे हा अन्याय तर आहेच, नियमभंगही आहे. २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे, की उपग्रहचित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाबही कायद्याने पुरावाच मानला आहे.

गावठाणाची गोष्ट थोडी वेगळी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवण्याआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात. म्हणजे यंत्राने पाहण्याआधी माणसांनी आपसांत ठरवलेले असते. हा क्रम शहाणपणाचा आहे. मात्र योजना गावठाणापुरती, आणि आपल्याकडचे कितीतरी पाडे गावठाणाबाहेर, आंब्याच्या सावलीत, कारवीच्या कुडांचे.

ही यंत्रे नकोत, असे आम्ही म्हणत नाही. मोजणीची वर्षे त्यांनी वाचतात. पण दावा फेटाळताना चित्र कोणत्या तारखेचे, हे आदेशात लिहावे. ते चित्र ग्रामसभेच्या वनहक्क समितीसमोर मांडावे. आणि उपविभागीय समितीला खातरजमा करायचीच असेल, तर तिने भाद्रपदात पाड्यावर यावे. तेव्हा नाचणी उभी असते.