लोथारची भाषा

आमच्या घरच्या माळ्यावर थोरल्या चुलतभावाने जमवलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा सुतळीने बांधलेला एक गठ्ठा असे. दिवाळीच्या सुट्टीत तो खाली उतरे आणि मग दोन दिवस मला कोणी हाका मारून उपयोग नसे. वेताळ, जादूगार मँड्रेक, बहादूर ही मंडळी मला त्या गठ्ठ्यातच भेटली. त्यांतला सर्वांत जवळचा वाटे तो मँड्रेकचा सोबती लोथार. मँड्रेकने हात हलवला की समोरच्याच्या पिस्तुलाचा साप होई. पण पोलादी दार काही संमोहनाला बधत नाही, ते आडवे आले की काम लोथारचेच. शिवाय तो शांत होता, मोजके आणि नीट बोलणारा होता. मँड्रेकचा तो मित्र आहे, नोकर नव्हे, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

काही वर्षांपूर्वी मँड्रेकच्या १९३० च्या दशकातील चित्रपट्ट्यांचा पुनर्मुद्रित संग्रह वाचायला मिळाला आणि मी चरकले. ली फॉक यांनी १९३४ मध्ये ही चित्रपट्टी सुरू केली, तेव्हाचा लोथार डोक्यावर फेझ टोपी आणि अंगावर बिबट्याचे कातडे घेऊन मँड्रेकच्या मागे चालतो. त्याचे इंग्रजी मोडकेतोडके आहे. क्रियापदे गळालेली, वाक्ये अर्धवट. गंमत अशी की हा माणूस मुळात आफ्रिकेतील जमातींच्या एका महासंघाचा राजपुत्र आहे, राज्य सोडून मँड्रेकबरोबर आला आहे, हे फॉक यांनीच सांगितलेले आहे. सांगितले, आणि पुढे त्याच्या तोंडी एकही धड वाक्य दिले नाही. १९६५ मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स यांनी चित्रांची सूत्रे हाती घेतली आणि त्यानंतर लोथारचा पोशाख बदलला, भाषाही सुधारली. कातड्याच्या जागी बिबट्याच्या ठिपक्यांचा कपडा आला; वाक्यांना क्रियापदे आली.

हे विभागातील एका सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पण खरा लोथार तो पहिलाच. नंतरचा म्हणजे काळाला भिऊन केलेली दुरुस्ती." त्यांचे म्हणणे झटकून टाकावे असे नव्हते. आम्ही मराठीची माणसे 'मूळ संहिता' या शब्दापुढे नकळत हात जोडतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा आदर्श डोळ्यांपुढे असलेल्या परंपरेत 'प्रक्षिप्त' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा उच्चारला जातो. वर्गात मीही तो तसाच उच्चारत आले आहे. पण कॉमिक्सच्या बाबतीत मला तो आता टिकेनासा वाटतो, आणि त्याचे कारण केवळ हा प्रकार अनेक हातांनी घडतो एवढेच नाही.

आधी 'मूळ' म्हणजे काय ते पाहू. बॅटमन १९३९ मध्ये प्रथम छापला गेला. बॉब केन यांनी केलेल्या पहिल्या रेखाटनात त्याचा पोशाख लाल होता, डोळ्यांवर छोटासा मुखवटा होता आणि पाठीला ताठ पंख होते. ते पंख काढून झगा द्यावा, वटवाघळाच्या कानांचे शिरस्त्राण द्यावे, रंग करडा करावा, हे बिल फिंगर यांनी सुचवले. म्हणजे आपण ज्याला मूळ बॅटमन म्हणतो तोच मुळी सुधारलेला पाठ! फिंगर १९७४ मध्ये वारले; निर्मितीच्या श्रेयात त्यांचे नाव अधिकृतपणे लागू लागले ते २०१५ पासून. 'मूळ'ची पूजा करताना आपण बहुधा ज्याचे नाव छापले गेले त्याची पूजा करत असतो.

हा छापलेला बॅटमनदेखील सुरुवातीला माणसे मारत असे. १९४० च्या एका कथेत तो विमानातून मशिनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक बंद केली. त्यांना लहान वाचकांची आणि त्यांच्या पालकांची काळजी असावी. तत्त्वज्ञानाशी त्याचा संबंध नव्हता. पण ज्याचे आईबाप त्याच्या डोळ्यांदेखत गोळीला बळी पडले, तो मुलगा मोठेपणी बंदूक हाती धरत नाही, हे एकदा ठरले आणि त्या पात्राला कणा मिळाला. कथेत ती हत्या आधीपासून होतीच. बंदूक आणि हत्या शेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते. धंद्याच्या सावधगिरीतून साहित्यिक न्याय झाला, याची मला थोडी मौज वाटते. हल्कचा हिरवा रंग तर छपाईच्या अडचणीतून आला. पहिल्या अंकात, १९६२ मध्ये, तो करडा होता आणि ती छटा सगळीकडे सारखी उमटेना.

पण खरा कस लागतो तो मॅग्नेटोच्या बाबतीत. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये 'एक्स-मेन'च्या पहिल्याच अंकात त्याला आणले. जन्मतःच विलक्षण शक्ती असलेल्या 'म्युटंट' माणसांनी सामान्यांवर राज्य करावे असे त्याचे म्हणणे, आणि क्षेपणास्त्रांच्या तळावर हल्ला हे त्याचे पहिले कृत्य. पुढे त्याने काढलेल्या संघटनेच्या नावातच 'दुष्ट' हा शब्द होता. स्वतःच्या संघटनेच्या पाटीवर कोण दुष्ट म्हणून लिहील? लोकनाट्यातला खलनायकसुद्धा एवढा भाबडा नसतो. ख्रिस क्लेअरमाँट १९७५ पासून ही मालिका लिहू लागले. १९८१ च्या ऑक्टोबरमधील दीडशेव्या अंकात मॅग्नेटो रागाच्या भरात किटी प्राइड या तेरा वर्षांच्या मुलीवर प्रहार करतो आणि ती मेली असे समजून जागच्या जागी थिजतो. किटी ज्यू आहे. तिथे आपल्याला कळते, की हा माणूस लहानपणी ऑशविट्झमध्ये होता, त्याचे सगळे कुटुंब तिथे संपले. ज्यांनी त्याचे बालपण मारले त्यांच्या रांगेत आपण येऊन उभे राहिलो, हे त्याला त्या क्षणी दिसते.

या प्रसंगाने मागच्या अठरा वर्षांतील सगळ्या कथा बदलल्या, त्यांतील एक ओळही न खोडता. 'म्युटंटांना हे जग जगू देणार नाही' हे त्याचे जुने आरडाओरड्याचे वाक्य आता ऑशविट्झ पाहिलेल्या माणसाच्या तोंडचे झाले. तो चुकतो हे तसेच राहिले. तो मूर्ख मात्र राहिला नाही. आणि त्याच्याशी वाद घालणारा त्याचा मित्र प्राध्यापक झेव्हियर याचीही उंची त्यामुळे वाढली, कारण सहिष्णुतेचा उपदेश आता त्याला अशा माणसाला करायचा होता. आणखी एक गोष्ट. कॉमिक्समधील पात्रे वयाने वाढत नाहीत, त्यांना तारखा नसतात. मॅग्नेटोला मात्र इतिहासाने तारखेला खिळले. तो दर दशकात म्हातारा व्हायला हवा. योगायोगाने १९७४ च्या एका अचाट कथेत त्याचे तान्हे मूल करून टाकले होते आणि पुढे त्याला पुन्हा ऐन उमेदीत आणले होते, म्हणून लेखकांची थोडी सोय झाली. असो.

माझ्या सहकाऱ्यांना माझे उत्तर असे आहे. पात्र सुधारते ते मूळ लेखकाने स्वतःच लिहिलेली पण स्वतःच न वाचलेली एखादी ओळ नंतरचा कोणी नीट वाचतो तेव्हा. लोथार राजपुत्र आहे, ही ओळ १९३४ पासून तिथेच होती.

याची उलट बाजूही आहे. मिस्टर फ्रीझ हा १९५९ मध्ये 'मिस्टर झिरो' या नावाने आलेला, बर्फाची बंदूक घेऊन हिरे चोरणारा सामान्य चोर. १९९२ च्या सचेतपट मालिकेत पॉल डिनी यांनी त्याला नोरा ही असाध्य आजाराने ग्रासलेली, शीतपेटीत गोठवून ठेवलेली पत्नी दिली, आणि 'हा माणूस थंड का' या कोणीच न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले. कॉमिक्सनेही ते स्वीकारले. मग २०१२ मध्ये दुसऱ्या एका लेखकाने ठरवले की नोरा त्याची पत्नी नव्हतीच. १९४३ मध्ये जन्मलेल्या, गोठवून ठेवलेल्या एका अनोळखी स्त्रीवर तो भ्रमिष्टासारखा जीव लावून बसला होता. कल्पना चतुर आहे, पण तिने पात्र पुन्हा लहान केले. पुढे ती मागे घ्यावी लागली. बदल धीट होता म्हणून तो चांगला ठरला नाही.

आणि सहकाऱ्यांनी ज्याला भिऊन केलेली दुरुस्ती म्हटले, तीही असतेच. हर्जे यांच्या 'टिनटिन इन द काँगो' या १९३१ च्या पुस्तकात टिनटिन काँगोतील मुलांना तुमचा देश बेल्जियम म्हणून धडा देतो. १९४६ मध्ये पुस्तक नव्याने रेखाटताना हर्जे यांनी तिथे अंकगणिताचा तास घातला. मुले तशीच बावळट राहिली, फळ्यावरचा मजकूर बदलला. ही सफाई. याउलट 'द ब्लू लोटस'च्या वेळी, १९३४ मध्ये, ब्रसेल्समध्ये शिकणाऱ्या झांग चोंगरेन या चिनी तरुणाशी त्यांची मैत्री झाली. चीनबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही हे हर्जे यांनी मान्य केले, आणि त्या पुस्तकातला टिनटिन चँग नावाच्या मुलाबरोबर एकमेकांच्या देशांविषयीच्या खुळ्या समजुतींवर हसतो. इतरांना शिकवत हिंडणारा हा पोरगा प्रथमच कोणाकडून काही शिकतो. नंतर त्याच्यासाठी हिमालय तुडवणारा टिनटिन त्या ओळखीतून निघाला.

लोथारचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याची दुरुस्ती सफाई होती की वाचन? मला वाटते, दोहोंच्या मधले काहीतरी. त्याला भाषा मिळाली, मान मिळाला. पण राज्य सोडून तो एका जादूगाराबरोबर का हिंडतो, या प्रश्नाला मॅग्नेटोला मिळाले तसे उत्तर त्याला कोणी दिले नाही. ली फॉक १९९९ मध्ये गेल्यावर फ्रेडरिक्स लिहू आणि रेखाटू लागले, आणि २०१३ मध्ये ते थांबले तेव्हा एक कथा अर्धवट असतानाच चित्रपट्टी बंद झाली. शीर्षकात तोवर एकट्या मँड्रेकचेच नाव होते.