आग्र्याच्या वाटेवर बुऱ्हाणपूर

ताजमहाल पाहावा असे कोणाला वाटत नाही? घरची माणसे पै-पै साठवतात, गाडी ठरवतात आणि महाराष्ट्रातून हजारेक किलोमीटर दूर आग्र्याला निघतात. पण तयारी कशाची करतात? फराळाच्या डब्यांची आणि फोटोंची! आमच्या शेजारचे एक कुटुंब असेच शुक्रवारी आग्र्याला पोहोचले. शुक्रवारी ताज पर्यटकांसाठी बंद असतो. दुसऱ्या दिवशी परतायचे होते. बिचारे दुरून घुमट पाहून घरी आले.

सहलीची आखणी वार आणि मुक्काम पाहून करावीच. पण इतिहास पाहूनही करावी, असे माझे मत आहे. भुसावळहून पुढे, मध्य प्रदेशात, तापीच्या काठी बुऱ्हाणपूर लागते. तेथे १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल वारली. तिला आधी तेथेच, तापीपलीकडच्या बागेत दफन केले होते. सुमारे सहा महिन्यांनी तिचे पार्थिव आग्र्याला नेले. १६३२ साली ताजचे बांधकाम सुरू झाले. मकराण्याहून संगमरवर आला. हजारो कारागीर वर्षानुवर्षे राबले.

बुऱ्हाणपूरला एक दिवस थांबलो, तर तो वाया गेला असे समजू नये. ती बाग पाहिलेल्या मुलाला आग्र्यात नुसता पांढरा दगड दिसणार नाही, एका आईची कबर दिसेल. मग फोटो काढण्याआधी त्याचे हात दुआसाठी उठतील.