चालून बघा म्हणता, पण विकणार का?

घर घेण्याआधी त्या भागात पायी फिरून या, असं सगळेच सांगतात. सल्ला चांगलाच आहे. सकाळी सहाला गेलात तर टँकर कुठल्या इमारतीसमोर उभा राहतो ते दिसतं. जोराच्या पावसानंतर गेलात तर पाणी कुठं तुंबतं आणि नाल्याचा वास कितव्या मजल्यापर्यंत येतो ते कळतं. रात्री नऊला गेलात तर रस्त्यावरचे दिवे लागतात का आणि बायका निर्धास्त चालतात का, हेही. सँपल फ्लॅटमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

पण चालताना जे आवडलं ते पैसे असले की विकत घेता येतं, असं हा सल्ला देणारे धरून चालतात. मुसलमान गिऱ्हाइकाचा अनुभव वेगळा आहे. रस्त्यावर त्याला कुणी अडवत नाही. बागेत बसा, टपरीवर चहा प्या. मग दलाल फोनवर विचारतो, "नाव काय म्हणालात?" आणि फ्लॅट कालच गेलेला असतो. नाहीतर मालक सभ्यपणे म्हणतो, "माझी काही हरकत नाही हो, पण सोसायटीत चालणार नाही."

वर पुन्हा ऐकवायचं की यांना एकत्रच राहायला आवडतं! मुंब्रा काय आवडीनं वाढलं? १९९२-९३च्या मुंबईतल्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून कुटुंबं तिकडं गेली. गिऱ्हाइकाला दोनच वस्त्यांचे दरवाजे उघडे असतील, तर तिथल्या बिल्डरला चांगलं बांधायची गरज काय? भोगवटा प्रमाणपत्र नसलं तरी फ्लॅट खपतो. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. त्यात सगळ्या धर्मांचे गरीब होते. स्वस्त आणि बेकायदा घर नाइलाजानं घेणाऱ्याच्या वाट्याला काय येतं, ते तिथं दिसलं.

आपल्या बिल्डरांनाही यात सोडायचं कारण नाही. "मशीद दोन मिनिटांवर, माहौल आपला," एवढ्यावर ते फ्लॅट विकतात, आणि आपण नमाजाला किती पावलं पडतील ते मोजून बयाणा देतो. त्याच गल्लीत अग्निशमनाची गाडी वळेल का, हे कुणी मोजतं? मुलांना खेळायला मोकळी जागा किती लांब आहे? तेवढंही चालून बघा. कागद मागितला की "भाई, भरोसा नाही का?" म्हणणाऱ्याकडून तर घर घेऊच नका.

आता सोसायटीबद्दल. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज दिल्यावर तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर तो सभासद झाला असं धरलं जातं. हेही खरं की २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवू दिलं. पण त्या संस्थेच्या उपविधीत तसं लिहिलेलं होतं. "चालणार नाही" म्हणणाऱ्या किती सोसायट्यांच्या उपविधीत असं लिहिलंय? विकणाऱ्यानं आधी तेवढं वाचावं. आणि व्यवहार ठरलाच तर घेणाऱ्यानं अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नकार आला तर कारणासकट लेखी मागावा आणि तो घेऊन निबंधकाकडे अपिलात जावं.