आधी बंद होते ते न्यायालयाचे दार

धर्माच्या नावाने छळ म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर तलवार आणि आग येते. वकिली करणाऱ्याने मात्र त्याही आधीचे पाऊल ओळखले पाहिजे. छळायला निघालेली सत्ता प्रथम कायदा करते आणि ज्याला छळायचे त्याची फिर्याद ऐकणे बंद करते. रोमन सम्राट डायोक्लेशन याचा इतिहास चळवळीतल्या माणसाने वाचावा तो यासाठी.

डायोक्लेशन हा डाल्मेशियातल्या सामान्य घरातला माणूस. सैन्यात वर चढत गेला आणि इ. स. २८४ मध्ये सैन्यानेच त्याला सम्राट केले. त्याआधीच्या ५० वर्षांत कितीतरी सम्राट आले आणि बहुतेक मारले गेले. २९३ साली त्याने राज्यकारभार चार जणांत वाटला. प्रांतांची संख्या जवळजवळ दुप्पट करून ती शंभराच्या घरात नेली. जमीन आणि माणसे मोजून कर बसवला. मोडकळीला आलेले साम्राज्य त्याने सावरले, हे नाकारण्याचे कारण नाही.

३०१ साली त्याने महागाई रोखण्यासाठी हजाराहून अधिक वस्तू आणि कामांचे कमाल दर ठरवले. दर मोडणाऱ्याला देहदंड! त्या यादीत शेतमजुराची रोजी जेवणासह २५ देनारियस आहे. गटार साफ करणाऱ्याचीही तेवढीच. वकिलाला खटला चालवण्याचे १००० देनारियस. म्हणजे माझ्या व्यवसायातल्या माणसाची एका खटल्याची फी ही गटारात उतरणाऱ्याची ४० दिवसांची मजुरी! सम्राटाने भाव बांधले, पण माणसामाणसातली ही दरी त्याला खटकली नाही. भावही टिकले नाहीत. बाजारातून माल नाहीसा झाला, असे त्या काळचा ख्रिस्ती लेखक लॅक्टॅन्शियस लिहितो.

हाच सुधारक पुढे छळाकडे वळला. २३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमेडिया या त्याच्या राजधानीत ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनास्थळ पाडण्यात आले. दुसऱ्या दिवशी फर्मान लागले. प्रार्थनास्थळे पाडा, धर्मग्रंथ जाळा, एवढ्यावर ते थांबले नाही. ख्रिस्ती माणसाचे पद आणि मान काढून घेण्यात आला. त्याच्याविरुद्धचा कोणताही दावा चालेल. पण त्याला मारहाण झाली, त्याच्या घरी चोरी झाली, तरी त्याला दाद मागता येणार नाही! न्यायालयांत वेदी मांडल्या गेल्या. आधी देवांना बळी अर्पण करा, मग तुमचे म्हणणे मांडा. एका ख्रिस्ती माणसाने ते फर्मान भर चौकात फाडले, तर त्याला जिवंत जाळण्यात आले. पुढच्या फर्मानांनी धर्मगुरू तुरुंगात गेले आणि ३०४ मध्ये सर्वांवरच बळी अर्पण करण्याची सक्ती झाली.

वाचकहो, हे एका रात्रीत घडले नाही. रोमन कायदा आधीपासूनच माणसांची 'मानाचे' आणि 'हलके' अशी वाटणी करत होता. एकाच गुन्ह्याला दोघांना वेगळी शिक्षा होती. चौकशीत यातना द्यायच्या त्या गुलामांना आणि हलक्या लोकांना. मानाच्या माणसाला सहसा हात लावला जात नसे. फर्मानाने मानाच्या ख्रिस्ती माणसालाही त्या खालच्या खणात ढकलले. खण आधीच तयार होता. जो समाज असे खण करून ठेवतो, तिथे उद्या कोणाला आत टाकायचे एवढेच ठरवायचे उरते.

आणि ठरवले कोणी? बळी दिलेल्या जनावराची आतडी पाहून भविष्य सांगणाऱ्यांनी तक्रार केली, की ख्रिस्ती लोक हजर असल्यामुळे शकुन दिसत नाहीत. मग अपोलो देवाचा कौल मागवला गेला. तो अर्थातच ख्रिस्ती लोकांच्या विरोधात आला! रोममध्ये देवाचा कौल आणि राजसत्ता यांची सांगड जुनी होती. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हेच उदाहरण दिले आहे. सामान्य रोमन जनतेने हक्क मिळवूनही निवडलेल्या माणसाला देवीचा कौल लागत असे आणि पुरोहित वरच्या वर्गाचे. त्यामुळे हातात आलेला हक्क हातात राहिला नाही. कौल देवाचा म्हणायचा, हित पुरोहिताचे!

३०५ मध्ये डायोक्लेशनने गादी सोडली. छळाचा कडवा पुरस्कर्ता गॅलेरियस यानेच ३११ मध्ये मरणशय्येवरून ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली. पण ती अटीची होती : शिस्त मोडू नका आणि सम्राटासाठी तुमच्या देवाची प्रार्थना करा. त्याला हक्क म्हणता येत नाही, ती मेहेरबानी होती. ३१३ मध्ये जप्त मालमत्ता परत देण्याचे ठरले.

इथे कथा संपली असती तर बरे झाले असते. ३८० मध्ये ख्रिस्ती पंथालाच राजाश्रय मिळाला आणि ३९१ मध्ये जुन्या देवांना बळी देण्यावर बंदी आली. सहाव्या शतकात ख्रिस्ती सम्राट जस्टिनियन याने कायदा केला, की पाखंडी आणि ज्यू यांची साक्ष सनातनी ख्रिस्ती माणसाविरुद्ध ग्राह्य धरू नये. कालचे पीडित सत्तेवर आले आणि त्यांनी तेच हत्यार उचलले. न्यायालयाचे दार पुन्हा बंद. फक्त बाहेर उभा असलेला माणूस बदलला.

म्हणूनच धर्मस्वातंत्र्य राज्यकर्त्याच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. ज्या हक्कासाठी न्यायालयात जाता येत नाही, तो हक्क कागदावरची शाई आहे. संविधानातील आजच्या ३२ व्या कलमाला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा का म्हटले, हे निकोमेडियाच्या न्यायालयातली ती वेदी पाहिली की कळते. उद्या कोणताही कायदा येवो, आपण आधी हेच तपासले पाहिजे : यात कोणाची फिर्याद नाकारली आहे? तो माणूस आपला नसला, तरीही!