वारसदार कोण, याच्या आधीचा प्रश्न

आर्सेन वेंगर यांनी आर्सेनल सोडावे की नाही, हा वाद उत्तर लंडनच्या या क्लबच्या चाहत्यांत सहा-सात वर्षे धुमसत होता. ऑगस्ट 2011 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलचा 8-2 असा धुव्वा उडवला, तेव्हा तो उघड्यावर आला. 20 एप्रिल 2018 रोजी वेंगर यांनी हंगामाअखेर पायउतार होण्याची घोषणा केली, तेव्हा त्याचा पूर्वार्ध संपला. मधल्या काळात वाद कोणत्या थराला गेला होता, ते 18 मार्च 2017 रोजी वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर दिसले. सामन्याच्या वेळी आकाशात भाड्याची दोन विमाने येऊन गेली. एकाच्या शेपटीला वेंगर यांना नवा करार देऊ नका असे सांगणारा फलक होता, दुसऱ्याच्या शेपटीला वेंगर यांच्यावर विश्वास व्यक्त करणारा. खाली आर्सेनल 3-1 असे हरले.

घोषणेनंतर वादाचा उत्तरार्ध सुरू झाला: आता कोण? दोन्ही टप्प्यांत चाहते एकमेकांवर तुटून पडले, पण एका गोष्टीवर त्यांचे एकमत होते. क्लबचे बरेवाईट मॅनेजरच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर ठरते, हे सगळ्यांनीच धरून चालले होते. हे गृहीतकच चुकीचे आहे. जाणारा माणूस कोणकोणती कामे करत होता आणि तो गेल्यावर त्यांतले प्रत्येक काम कोणाकडे जाणार, हे ठरल्याशिवाय 'कोण' या प्रश्नाला अर्थच येत नाही. आर्सेनलमध्ये आधी कळस झाला आणि पाया मागाहून घालावा लागला.

हटाववाद्यांची बाजू दुबळी नव्हती. वेंगर यांनी 1998, 2002 आणि 2004 मध्ये लीग जिंकून दिली, त्यांतली शेवटची एकही सामना न हरता. पण त्यानंतर चौदा वर्षे लीगचे विजेतेपद आले नाही. 2017 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत बायर्न म्युनिकने दोन सामन्यांत मिळून दहा गोल केले. त्याच हंगामात वेंगर यांच्या कारकिर्दीत प्रथमच संघ पहिल्या चारांतून बाहेर पडला. 2018 च्या वसंतात तिकिटे विकली गेलेल्या खुर्च्याही रिकाम्या दिसू लागल्या. वेंगरनिष्ठांकडेही उत्तर होते. सात एफए कप, त्यांतले तीन 2014 ते 2017 या चार वर्षांतले. आणि 2006 मध्ये साठ हजार प्रेक्षकांचे एमिरेट्स स्टेडियम उभे राहिल्यावर कर्जाच्या ओझ्याखाली दरवर्षी चॅम्पियन्स लीग गाठण्याची किमया. दोन्ही बाजूंची वस्तुस्थिती खरी होती. चूक होती ती तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षांत.

पहिला निष्कर्ष असा की माणूस बदलला की खेळ बदलेल. वेंगर यांच्या जागी आलेल्या उनाई एमेरी यांनी पहिले दोन सामने मँचेस्टर सिटी आणि चेल्सीविरुद्ध गमावले, पण त्यानंतर सर्व स्पर्धा मिळून सलग 22 सामन्यांत संघ हरला नाही. हटाववाद्यांना आपला मुद्दा सिद्ध झाल्यासारखा वाटला. ते नव्याचे नऊ दिवस होते, हे हंगामाअखेरच्या गुणतक्त्याने दाखवले. वेंगर यांच्या शेवटच्या हंगामात संघाने 74 गोल केले होते आणि 51 खाल्ले होते. एमेरी यांच्या पहिल्या हंगामात 73 केले आणि 51 खाल्ले. वेंगर यांच्या शिस्तीविषयी आणि बचावाविषयी वर्षानुवर्षे जी तक्रार होती, तिच्यात एका गोलाचाही फरक पडला नाही. गुण 63 वरून 70 वर गेले, क्रमांक सहावरून पाचवर आला. म्हणजे तोच संघ थोड्या अधिक नशिबाने खेळला, एवढेच या आकड्यांवरून म्हणता येते.

याला अभ्यासाचाही आधार आहे. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या 1986 ते 2004 या काळातल्या प्रशिक्षकांच्या हकालपट्ट्या तपासल्या. घसरणीनंतर ज्या क्लबांनी प्रशिक्षक काढला ते सावरले. पण तशाच घसरणीनंतर ज्यांनी काढला नाही तेही साधारण तसेच सावरले. सलग चार पराभवांनंतर बहुतेक संघांचे निकाल आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततात. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळते, कारण तो त्या वेळी कडेला उभा असतो. सायमन कूपर आणि स्टेफान शिमान्स्की यांनी तर असे दाखवले की दीर्घकाळात इंग्लिश क्लबांचे क्रमांक बहुतांशी खेळाडूंच्या एकूण पगारावरून सांगता येतात. अपवाद असतातच, आणि एखादा मोठा मॅनेजर पगाराच्या वर संघ नेतो. पण असे लोक विरळ असतात, आणि गर्दी ज्याचे नाव घेते तो त्यांतला असेलच असे नाही.

दुसरा निष्कर्ष वेंगरनिष्ठांचा: वेळ द्या, धीर धरा. या युक्तिवादात ॲलेक्स फर्ग्युसन यांचे नाव हमखास येते. 1986 मध्ये युनायटेडला आलेल्या फर्ग्युसन यांचा संघ 1989-90 च्या हंगामात तेराव्या क्रमांकावर राहिला, प्रेक्षकांनी त्यांना घरी पाठवण्याचा फलक फडकवला, तरी संचालकांनी त्यांना ठेवले. पुढे तेरा लीग विजेतेपदे आली. गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून नियम काढता येत नाही. ज्यांना वेळ दिला आणि तरी काही घडले नाही, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून ही एकच ऐकू येते. शिवाय फर्ग्युसन यांच्या बाबतीत वेळ एका नव्या माणसाला मिळाला होता. वेंगर यांच्या बाबतीत तो वीस वर्षे झालेल्या माणसासाठी मागितला जात होता. मे 2017 मध्ये एफए कप जिंकल्यावर चार दिवसांनी क्लबने त्यांना दोन वर्षांचा करार दिला. तोवर ॲलेक्सिस सांचेझ आणि मेसुत ओझिल यांच्या करारांचे शेवटचे वर्ष उजाडले होते. आरन रॅम्सी यांचा प्रश्न तर इतका लांबला की 2019 मध्ये ते एक पैसाही न मिळता युव्हेंटसला गेले. वेळ मिळाला, पण तो कशासाठी वापरायचा हे कोणी ठरवले नव्हते.

तिसरा निष्कर्ष वारसदाराविषयीचा, आणि त्याची दोन रूपे होती. एक, मोठे नाव आणा. 2018 मध्ये मासिमिलियानो अलेग्री, लुइस एन्रिके अशी नावे घेतली जात होती. 1996 मध्ये जपानच्या नागोया ग्रॅम्पस एट क्लबमधून वेंगर आले, तेव्हा लंडनमध्ये त्यांना ओळखणारे फारसे कोणी नव्हते, हे या मागणीत सोयीस्करपणे विसरले गेले. दुसरे रूप, आपला माणूस, म्हणजे क्लबचा माजी खेळाडू आणा: पॅट्रिक विएरा, तिएरी ऑन्री, मिकेल आर्तेता. क्लबची वीण आपल्याच माणसाला कळते, असा हा विचार. तो भावनेला पटतो. पुरावा मात्र संमिश्र आहे. ऑन्री त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या जुन्या क्लबला, मोनाकोला गेले आणि जानेवारीत त्यांची उचलबांगडी झाली. ओले गुन्नार सोल्शार यांनी युनायटेडमध्ये हंगामी म्हणून झपाट्याने सामने जिंकले. कायम झाल्यावर मात्र एकही करंडक मिळाला नाही. उलट बाजूने पेप ग्वार्डिओला बार्सिलोनाचे आणि झिनेदिन झिदान रेआल माद्रिदचे माजी खेळाडू होते, आणि त्यांनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. जी गोष्ट यशस्वी आणि अयशस्वी दोघांतही सारखीच आढळते, तिच्यावरून निवड करता येत नाही.

खंडन इथे संपते. मंडनासाठी वेंगर यांच्या कामाची यादी पाहावी लागते. संघ निवडणे आणि सराव घेणे हा तिचा एक भाग. कोणता खेळाडू किती रकमेला घ्यायचा, कोणाला किती पगार द्यायचा, अकादमीतून कोणाला वर आणायचे, खेळाडूंनी काय खायचे, सराव केंद्र कसे असावे, या सगळ्यांत त्यांचा शब्द शेवटचा होता. अशा माणसाच्या जागी दुसरा माणूस बसवणे ही वारसदार शोधण्याची गोष्ट नाही, पाच-सहा खात्यांची फेरमांडणी करण्याची गोष्ट आहे. तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी इव्हान गाझिडिस यांना हे कळत होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. वेंगर असतानाच त्यांनी बोरुसिया डॉर्टमुंडचे स्वेन मिस्लिन्टाट खेळाडूंच्या निवडीसाठी आणि बार्सिलोनाचे राउल सान्येई व्यवहारांसाठी आणले. मग एमेरी यांना 'हेड कोच' म्हणून नेमले, म्हणजे त्यांनी मैदानापुरते पाहायचे.

इथेच घोडे पेंड खाते. योजना कागदावर बरी होती, पण ती सांभाळणारी माणसे टिकली नाहीत. एमेरी यांच्या नेमणुकीनंतर काही महिन्यांतच गाझिडिस एसी मिलानला गेले. फेब्रुवारी 2019 मध्ये मिस्लिन्टाट बाहेर पडले. एडू तांत्रिक संचालक म्हणून जुलै 2019 मध्ये आले, आणि त्याच उन्हाळ्यात निकोला पेपे यांच्यासाठी क्लबच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत मोठी रक्कम, 7 कोटी 20 लाख पौंड, मोजली गेली. ज्या बैठकीसाठी टेबल मांडले होते, तिथे खुर्च्या रिकाम्या होत होत्या. 28 नोव्हेंबर 2019 रोजी फ्रँकफुर्टकडून घरच्या मैदानावर हार झाली. दुसऱ्या दिवशी एमेरी यांना काढण्यात आले. हटाववाद्यांपैकी अनेकांनी तेव्हा एमेरी हे सुमार प्रशिक्षक असल्याचा निर्वाळा दिला.

तो निर्वाळा किती घाईचा होता, हे पुढच्या वर्षांनी दाखवले. 2021 मध्ये एमेरी यांच्या व्हियारेआलने युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत आर्सेनललाच बाहेर काढले आणि अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडला हरवून करंडक नेला. 2022 च्या शरदात त्यांनी ॲस्टन व्हिला हाती घेतले तेव्हा तो संघ खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या काठावर होता. 2023-24 मध्ये तो चौथा आला. त्याच हंगामात व्हिलाने आर्सेनलला दोन्ही सामन्यांत हरवले. आर्सेनलचे विजेतेपद दोन गुणांनी हुकले. व्हिलामध्ये एमेरी यांच्या भोवती त्यांना जुळणारी यंत्रणा उभी करण्यात आली. खेळाडूंच्या व्यवहारांसाठी मोन्ची आले, ज्यांच्याबरोबर त्यांनी सेव्हियात काम केले होते. माणूस तोच होता, घर वेगळे होते.

याच कसोटीवर आर्तेता यांचीही गोष्ट वाचली पाहिजे. डिसेंबर 2019 मध्ये ते आले तेव्हा स्वतंत्रपणे एकाही संघाची जबाबदारी त्यांनी घेतलेली नव्हती. 2020 च्या नाताळात आर्सेनल पंधराव्या क्रमांकावर होते. वेंगरनिष्ठ म्हणतील, पाहा, वेळ दिला म्हणूनच फळ आले. अंशतः ते खरे आहे, पण वेळेबरोबर आणखी काय दिले गेले, हे त्यात येत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये सान्येई गेले, पुढच्याच महिन्यात आर्तेता यांच्याकडे 'मॅनेजर' हे पद आले, आणि खरेदीचे निर्णय त्यांच्या व एडू यांच्या हाती एकवटले. जानेवारी 2021 मध्ये ओझिल गेले, वर्षभराने कर्णधारपद गमावलेले ओबामेयांग गेले. 2021 च्या उन्हाळ्यात घेतलेले सहाही खेळाडू 23 किंवा त्याहून कमी वयाचे होते. मार्टिन ओडेगार्ड, बेन व्हाइट आणि ॲरन रॅम्सडेल त्यांतलेच. अकादमीतून बुकायो साका वर आलेच होते. 2023 ते 2025 असे सलग तीन हंगाम संघ दुसरा आला. त्या तीन हंगामांत लीग तेवढी जिंकली नाही, हे आर्तेता यांचे टीकाकार सांगतात आणि ते बरोबर सांगतात. पण 2020-21 चे 61 गुण तीन वर्षांत 89 वर गेले, ते केवळ एका माणसाच्या धीराने नव्हे.

हे आर्सेनलपुरते नाही. 2013 मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले, त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिलही गेले. डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला, पण पहिल्या उन्हाळ्यात हाताला लागलेली मोठी खरेदी म्हणजे एकटे मारुआन फेलायनी. दहा महिन्यांत मोयेस घरी गेले. चाहते त्यानंतर लुई व्हान खाल, जोसे मोरिन्यो, एरिक टेन हाग अशा एकेका नावावर आशा ठेवत राहिले. लिव्हरपूलने 2024 मध्ये उलट क्रम लावला. युर्गेन क्लॉप यांनी जानेवारीत जाण्याचे सांगितले. क्लबने आधी मायकेल एडवर्ड्स यांना परत आणले, रिचर्ड ह्यूज यांना क्रीडा संचालक नेमले, आणि मग मॅनेजर शोधला. गर्दीला झाबी अलोन्सो हवे होते. आले आर्ने स्लॉट, आणि एकही मोठी खरेदी न करता पहिल्याच हंगामात लीग जिंकली.

यावर एक आक्षेप आपोआप येतो. तेच स्लॉट 2025 च्या शरदात एकामागून एक सामने हरले, तेव्हा ती यंत्रणा कुठे गेली? आक्षेप रास्त आहे. यंत्रणा असली म्हणजे संघ हरत नाही, असा दावा कोणी करू नये. त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने प्रचंड रक्कम खर्चून निम्मा संघ बदलला होता, आणि तो निर्णय एकट्या मॅनेजरचा नव्हता. म्हणूनच अशा वेळी विचारायचा प्रश्न 'स्लॉट जावेत का' एवढाच राहत नाही. खरेदी कोणी ठरवली, खेळाच्या पद्धतीशी ती जुळते का, आणि मॅनेजर बदलला तर ते खेळाडू नव्या माणसाच्या उपयोगाचे राहतात का, हेही विचारावे लागते. युनायटेडमध्ये टेन हाग यांनी आयॅक्समधल्या ओळखीचे खेळाडू भरलेला संघ मागे सोडला, आणि तो तीन बचावपटूंची मांडणी मानणाऱ्या रुबेन आमोरिम यांच्या हाती आला. 2024-25 मध्ये युनायटेड पंधरावे आले.

चाहत्यांना हे कळत नाही, असे मानणेही चूक ठरेल. एप्रिल 2021 मध्ये युरोपियन सुपर लीगची योजना बाहेर आली, तेव्हा एव्हर्टनविरुद्धच्या सामन्याआधी हजारो लोक एमिरेट्सच्या बाहेर जमले. घोषणा स्टॅन क्रॉन्के या मालकाविरुद्ध होत्या. आर्सेनल तेव्हा गुणतक्त्याच्या मध्यावर रखडले होते, तरी त्या गर्दीचा रोख आर्तेता यांच्यावर नव्हता. 2011 पासून जो राग एका माणसावर काढला जात होता, तो त्या दिवशी मालकाच्या दारात, म्हणजे संघावरचा खर्च, अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि करार जिथे ठरतात तिथे पोहोचला.